फिलिप होन: लिलावाच्या हातोड्यापासून न्यूयॉर्कच्या महापौरपदापर्यंत

खतावणी

न्यूयॉर्कच्या महापौरांची यादी काढली तर फिलिप होन या नावापुढे एकच वर्ष दिसतं, १८२६. त्याच्या आधी विल्यम पॉल्डिंग आणि त्याच्यानंतर पुन्हा विल्यम पॉल्डिंग. तरी त्या काळातल्या न्यूयॉर्कवर लिहायला बसलेला माणूस पॉल्डिंगला सहज विसरतो, होनला मात्र विसरून चालत नाही. कारण होनने रोजनिशी ठेवली. १८२८ साली सुरू केली ती १८५१ साली मरणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत. अठ्ठावीस जाडजूड वह्या भरल्या.

सध्या ती वाचतोय. बरंच साठलंय, म्हणून हा धागा.

जन्म २५ ऑक्टोबर १७८०, न्यूयॉर्कमध्येच. बाप सुतार, मूळचं घराणं जर्मन. शिक्षण बेताचंच. मिसरूड फुटायच्या वयात थोरला भाऊ जॉन याच्या लिलावाच्या धंद्यात शिरला आणि तिथेच त्याचं नशीब फळफळलं. १८१५ मध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यातली लढाई संपली तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांचं कापड गोदामांत तुंबून पडलं होतं. ते जहाजं भरभरून न्यूयॉर्कला यायला लागलं. एरवीची वाट अशी की तिकडचा कारखानदार, इकडचा आयातदार, मग घाऊक दुकानदार, मग गावोगावचा किरकोळ दुकानदार. आता कारखानदाराचा माणूस माल उतरवून थेट लिलावात टाकायचा. गासड्या फुटायच्या, नमुना फिरायचा, हातोडा पडायचा. आयातदार बोंबलत राहिले, कारण बाजारभाव रोज दुपारी लिलाववाल्याच्या टेबलावर ठरायला लागला. माल कुणाचाही असो, भाव चढो की पडो, लिलाववाल्याची दलाली पक्की.

१८२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, होन धंद्यातून बाहेर पडला. गाठीला पाच लाख डॉलरच्या आसपास असल्याचं सांगतात. युरोप फिरून आला, चित्रं-पुस्तकं जमवली आणि ब्रॉडवेवर २३५ नंबरचं घर घेतलं, सिटी हॉलच्या बागेसमोर. किंमत २५ हजार डॉलर. सिटी हॉलची गंमत माहीत असेलच: १८१२ मध्ये पुरी झालेली इमारत, दर्शनी बाजू संगमरवरी आणि पाठ स्वस्तातल्या तपकिरी दगडाची, कारण शहर उत्तरेकडे इतकं वाढेल आणि पाठ कुणाला दिसेल असं वाटलंच नव्हतं!

महापौर तेव्हा लोक निवडत नसत. नगरपरिषदेतले सदस्य वर्षभरासाठी निवडायचे. थेट निवडणूक १८३४ पासून. होनचा नंबर लागला तो परिषदेतल्या गटांचं आपसांत जमेना म्हणून. अधिकार बेताचे. पगारी पोलीसदल १८४५ पर्यंत नव्हतंच, रात्रीचे पहारेकरी आणि थोडे कॉन्स्टेबल यांच्यावर भागायचं. आग विझवायला हौशी स्वयंसेवक. मग महापौराने करायचं काय? पाहुण्यांना जेवायला घालायचं, भाषणं करायची, मिरवणुकीत पुढे चालायचं. यात मात्र होनचा हात धरणारा कुणी नव्हता. उंच, देखणा, गप्पिष्ट, आणि जेवणं अशी घालायचा की पुढे त्याच्या नावाचा क्लबच निघाला.

मला जे सांगायचंय ते यापुढचं. या माणसाचा सगळा पैसा उलथापालथीतून आलेला. लिलावाने जुन्या व्यापाऱ्यांची घडी विस्कटली, त्यात याचं घर भरलं. शहर वाढलं, त्यात याची जागा वधारली. आणि वह्या उघडाव्यात तर पानोपानी तक्रार: जुनी घरं पाडतात, सारखं नवं बांधतात, जुनी माणसं दिसत नाहीत, कुणाला कशाची चाड उरली नाही. १८३६ च्या मार्चमध्ये त्याने ते ब्रॉडवेचं घर ६० हजार डॉलरला विकलं. खाली दुकानं, वर शेजारच्या अमेरिकन हॉटेलच्या खोल्या होणार होत्या. त्या दिवशीची नोंद वाचली तर वाटतं कुणी बळजबरीने बाहेर काढलंय. पंधरा वर्षांत पैसे दुपटीच्या वर!

मुळात हे घर विकलं गेलं ते एका आगीनंतर तीनच महिन्यांनी. १६ डिसेंबर १८३५ ची रात्र. कडाक्याच्या थंडीने नदी गोठलेली, बर्फ फोडून पाणी काढावं तर ते बंबाच्या नळीत गोठायचं. शेवटी घरंच सुरुंगाने उडवून आगीची वाट अडवली. मर्चंट्स एक्स्चेंजचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौद्यांच्या इमारतीचा, घुमट कोसळला आणि आत अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन याचा संगमरवरी पुतळा होता तोही गेला. सहाशेच्या वर इमारती, नुकसान दोन कोटी डॉलरच्या घरात. बहुतेक विमा कंपन्या आडव्या झाल्या. होन रात्रभर तिथेच होता. पण मला थक्क केलं ते फेब्रुवारीतल्या नोंदीने. जळक्या भागातल्या वीस जागांचा लिलाव झाला, आणि नुसत्या राखेच्या जमिनीला इमारती उभ्या असतानापेक्षा जास्त भाव आला. लिलावात आयुष्य काढलेल्या माणसालाही ते आकडे लिहिताना नवल वाटलेलं दिसतं.

आणि मग पुढच्याच वर्षी सगळं बसलं. मार्च १८३७ मध्ये थोरल्या मुलाची 'ब्राउन अँड होन' ही पेढी बुडाली. मुलाला दिलेलं भांडवल गेलंच, वर पेढीच्या हुंड्यांच्या पाठीवर बापाच्या सह्या होत्या, म्हणजे ते देणंही त्याच्याच गळ्यात. दहा मे रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी द्यायचं थांबवलं. होनची निम्म्याहून जास्त ऐपत त्या एका वर्षात गेली असं त्याचे चरित्रकार धरतात.

एवढं पुरे. ज्यांनी त्या काळाचं वाचलंय त्यांनी भर घालावी.

गुळपोळी

वा! येऊ द्या अजून. सुताराचा मुलगा ते महापौर, म्हणजे सिनेमाच.

अडत्या

लिलावाबद्दल थोडं, कारण माझं आयुष्य त्यातच जातंय, मार्केट यार्डात.

आमच्याकडे कांद्याच्या लिलावात शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो ट्रॉली वळवून घेऊन जाऊ शकतो. ते बरोबरच आहे, त्याचा माल आहे. पण घेणाऱ्याच्या बाजूने बघा: लांबून आलेला व्यापारी बोली लावून बसला आणि माल मागे घेतला तर त्याची खेप फुकट. दोन-चारदा असं झालं की तो दुसरा बाजार धरतो. न्यूयॉर्कवाल्यांनी हे १८१७ मध्येच ओळखलं होतं. लिलावावर राज्याचा कर असायचाच. त्या वर्षीच्या कायद्याने कराचा दर कमी केला, पण अट अशी घातली की एकदा माल टेबलावर मांडला की कर द्यायचाच, विकला काय नि मागे घेतला काय. मग कोण कशाला मागे घेतो? मांडलेला माल विकला जाणारच, अशी खात्री झाली आणि आतल्या गावांचे दुकानदार फिलाडेल्फिया, बॉस्टन सोडून न्यूयॉर्कला यायला लागले.

न्यूयॉर्कच्या भरभराटीचं सगळं श्रेय लोक ईरी कालव्याला देतात, हडसन नदी आतल्या मोठ्या सरोवरांना जोडणाऱ्या. तो १८२५ चा. गिऱ्हाईक त्याच्या आधीपासून जमत होतं.

बाकी दलाली पक्की म्हणता, पण बुडीत उधारी लिलाववाल्याच्याच डोक्यावर बसते हेही लिहा की. उधारीवर माल उचललेल्या दुकानदाराने हात वर केले तर कारखानदार यालाच धरणार.

खतावणी

@अडत्या, या कायद्याचं मी ओझरतं वाचलं होतं, गिऱ्हाइकाच्या बाजूने विचारच केला नव्हता. होन बंधूंच्या ऐन बहराची वर्षं या कायद्याच्या अलीकडची-पलीकडचीच आहेत. आयातदारांनी पुढे दहा-बारा वर्षं लिलावाविरुद्ध अर्जविनंत्या करून वॉशिंग्टनपर्यंत रान उठवलं, पण लिलाव काही बंद झाले नाहीत.

डेलावेअरकाठी

धाग्यात कालव्याचा पत्ताच नाही! अहो, होनचं नाव आजही नकाशावर आहे ते त्यामुळेच. पेनसिल्व्हेनियातलं होन्सडेल. आमच्यापासून गाडीने दोन तासांवर आहे, पानं रंगतात तेव्हा आम्ही हटकून जातो.

गोष्ट अशी. फिलाडेल्फियाचे वर्ट्झ बंधू, मूळचे कापडवाले. ईशान्य पेनसिल्व्हेनियात दगडी कोळशाच्या जमिनी घेऊन बसलेले. कोळसा ॲन्थ्रासाइट जातीचा, कडक, पटकन न पेटणारा. लोक त्याला दगडच समजायचे. जानेवारी १८२५ मध्ये त्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या टोंटाइन कॉफी हाउसमध्ये शेगडी मांडली आणि व्यापाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो पेटवून दाखवला. शेअर विक्रीला काढले ते हातोहात खपले. डेलावेअर अँड हडसन कॅनॉल कंपनी उभी राहिली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला होन. जुलै १८२५ मध्ये पहिली कुदळ त्यानेच मारली. १०८ मैलांचा कालवा, होन्सडेलपासून हडसनच्या काठी रॉन्डाउटपर्यंत, १८२८ मध्ये सुरू झाला.

खाणी मात्र डोंगरापलीकडे कार्बनडेलला. तिथून होन्सडेलपर्यंत कोळसा आणायला रूळ टाकले आणि इंग्लंडहून वाफेचं इंजिन मागवलं. 'स्टॉरब्रिज लायन'. पुढच्या तोंडावर लाल सिंहाचा मुखवटा रंगवलेला. ८ ऑगस्ट १८२९ ला होरेशिओ ॲलन नावाचा पोरगेला इंजिनियर एकटाच चढला. रूळ हेमलॉकच्या लाकडाचे, वर लोखंडाची पट्टी ठोकलेली. इंजिन चार टनांचं ठरलं होतं, आलं सातच्या घरात. जीव गेला तर एकाचाच जावा म्हणून त्याने दुसऱ्या कुणाला सोबत घेतलं नाही म्हणे. गेला आणि परत आला. रूळ करकरले पण टिकले. तरी रोजच्या कामाला ते इंजिन काही लावलं नाही. पडून राहिलं, पुढे त्याचे भाग इकडे-तिकडे गेले. होन्सडेलच्या संग्रहालयात आता त्याची प्रतिकृती आहे.

जाता-येता लॅकावॅक्सनला गाडी थांबवा. कालवा नदीच्या वरून न्यायला जॉन रोब्लिंगने तारांचा झुलता पूल बांधला होता, ब्रुकलिन पुलाच्या कितीतरी आधी. कालवा १८९८ मध्ये बंद पडला, पूल अजून आहे आणि त्यावरून मोटारी जातात. एका वेळी एकच गाडी, समोरचा थांबून हात करतो. दगडी खांबांना हात लावून बघा, तारा किती जाड आहेत ते तिथेच कळतं. मुलांना "इथून बोटी जायच्या" म्हणून सांगितलं तर त्यांनी मला वेड्यात काढलं. खाली नदी, वर पूल, आणि पुलावरून बोट!

गुळपोळी

पुलावरून बोट हे मलाही अजून नीट झेपलेलं नाही. फोटो टाका ना.

शंकेखोर

कालवा खणला कुणी ते कुणीच लिहिलं नाही. बरेचसे आयरिश मजूर. आणि होनसाहेबांच्या वह्यांत आयरिशांबद्दल काय आहे ते खतावणींनी सोयीस्करपणे गाळलं आहे. १८३२ मध्ये न्यूयॉर्कला कॉलरा आला, अडीच लाखांच्या आत वस्ती आणि साडेतीन हजारांच्या आसपास मेले. साहेबांचं निदान: घाणेरडे, दारूडे आयरिश स्थलांतरित रोग घेऊन आले. पाणी कसलं पीत होतं गाव? उथळ विहिरींचं, शेजारी संडास. ज्यांना परवडलं ते गाव सोडून गेले, उरलेले मेले. गुलामगिरी मोडा म्हणणाऱ्यांनाही हा माथेफिरू म्हणतो. त्याचं जेवणाचं टेबल फार छान होतं, हे मान्य. त्या टेबलावर कोण नव्हतं ते पण बघू या.

खतावणी

@शंकेखोर, गाळलं नाही, पुढच्या प्रतिसादासाठी ठेवलं होतं, पण तुम्ही मांडलंत ते नेमकं आहे. याचा बचाव करता येत नाही आणि मला करायचाही नाही. मतदानाच्या दिवशी आयरिश लोक कसे झुंडीने येतात यावर तर त्याच्या नोंदीमागून नोंदी आहेत. आपला बाप परक्या मुलखातून आलेल्या घरातला, हे त्याला कधी आठवलेलं दिसत नाही.

पाण्याचं म्हणाल तर एक धागा जुळतो. न्यूयॉर्कला क्रोटन नदीचं पाणी आणायचं मतदान एप्रिल १८३५ मध्ये झालं. ४१ मैलांचा बंदिस्त कालवा, मुख्य अभियंता जॉन जर्व्हिस. हा जर्व्हिस तयार झाला कुठे? ईरी कालव्यावर, आणि मग होनच्या कोळसा कंपनीत. स्टॉरब्रिज लायन मागवणारा तोच. आणि ते इंजिन चालवणारा ॲलन क्रोटनवर त्याचा साहाय्यक. ऑक्टोबर १८४२ मध्ये पाणी आलं तेव्हा होन लिहितो की गावात दुसरा विषयच नाही, कारंजी आणि नळ बघायला थांबणाऱ्या गर्दीमुळे रस्त्याने चालणं मुश्कील झालंय. कुरकुर आहेच, पण त्या दिवशी गडी खूश आहे.

बंदरावरचा

आयरिशांचा विषय निघालाच आहे तर एक सूड सांगतो. होन गेल्यावर तीस वर्षांच्या आत न्यूयॉर्कने व्यापारी महापौर निवडला तो आयर्लंडमध्ये जन्मलेला, कॅथलिक: विल्यम रसेल ग्रेस. पोरवयात घर सोडून समुद्रावर, मग पेरूतल्या कयाओ बंदरात. तिथे ग्वानोचा धंदा जोरात होता, म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा, युरोप-अमेरिकेच्या शेतांना खत. बेटांपाशी जहाजं भरायला रांगेत थांबून राहायची. ग्रेसने काय केलं, त्या थांबलेल्या जहाजांना शिधा, दोरखंड, डांबर जागेवर नेऊन विकलं. १८८० ची निवडणूक जिंकली, मध्ये एक पाळी सोडून पुन्हा जिंकली. जून १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पेट्यांतून बंदरात उतरला तेव्हा महापौर तोच होता.

होनच्या रोजनिशीत याबद्दल काय नोंद झाली असती, याची कल्पना करून बघा.

गुळपोळी

हाहा, शाई संपली असती.

शंकेखोर

परत आलो, कारण मला आता खरा मासा सापडलाय.

१८४५ च्या एका नोंदीत होन चिडून लिहितो की 'उलथा, उलथा, उलथा' हाच न्यूयॉर्कचा मंत्र आहे. पूर्वजांची हाडंसुद्धा इथे पाव शतक निवांत पडू देत नाहीत. फार गाजलेलं वाक्य आहे, शहराच्या इतिहासावर बोलताना जो तो वापरतो.

आता १८२६ कडे चला, म्हणजे साहेबांच्या त्या एकुलत्या एका वर्षाकडे. आजचा वॉशिंग्टन स्क्वेअर तेव्हा काय होता? गोरगरिबांचं, बेवारशांचं दफनस्थान. १७९७ पासून तिथे पुरत होते, पिवळ्या तापाच्या साथींतले कितीतरी. ते १८२५ मध्ये बंद झालं. तिथे लष्करी कवायतीचं मैदान करावं म्हणून पुढाकार कुणी घेतला? महापौर होन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पन्नासावा वाढदिवस, ४ जुलै १८२६, तिथेच साजरा झाला. अख्खे बैल भाजले, बिअरची पिंपं फोडली. खाली हाडं तशीच. वीस हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज देतात, आणि ती आजही तिथेच आहेत. पुढच्या दहा वर्षांत मैदानाच्या कडेने श्रीमंतांची लाल विटांची घरं उठली आणि जागांचे भाव कुठल्या कुठे गेले.

म्हणजे पाव शतक सोडा, शेवटचं प्रेत पुरून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. पण ते 'पूर्वज' कुणाचे नव्हते ना.

अडत्या

जबरी.

डेलावेअरकाठी

त्या चौकात आम्ही शंभरदा बसलोय, मुलीचं कॉलेज शेजारीच आहे. हे ठाऊक नव्हतं.

खतावणी

@शंकेखोर, साष्टांग. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचल्या होत्या, शेजारी ठेवल्या नव्हत्या. माझ्या मूळ लेखातली 'पैसा उलथापालथीतून, तक्रार उलथापालथीची' ही गोष्ट याहून नेमकी कुठे दिसेल असं वाटत नाही. त्याच ४ जुलैला जॉन ॲडम्स आणि जेफर्सन हे दोघेही माजी अध्यक्ष वारले. भाजलेल्या बैलांभोवती जमलेल्या गर्दीला अजून पत्ता नव्हता, बातमी यायला दिवस लागायचे.

एकच पुरवणी. तो नुसता दांभिक होता असं मात्र मला वाटत नाही, कारण दांभिक माणूस आपले आकडे लपवतो. हा लिहून ठेवतो: घर कितीला घेतलं, कितीला दिलं, मुलाच्या पेढीत किती अडकलं. स्वतःच्या नफ्यातोट्याची गणितं तो आपल्या रडगाण्याच्या शेजारीच मांडतो आणि दोन्हींचा संबंध जोडत नाही. जोडायचं काम आपल्यावर टाकून गेलाय.

बंदरावरचा

पैसा गेल्यावर पुढे काय झालं त्याचं? आणि चित्रं?

खतावणी

चित्रांची एक गोष्ट आहेच. १८२५ मध्ये थॉमस कोल नावाचा नवखा चित्रकार न्यूयॉर्कला आला, पंचवीस डॉलरला एक अशी निसर्गचित्रं दुकानात लावली. त्यातलं एक चित्रकार विल्यम डनलॅपने घेतलं. होनने ते डनलॅपकडे पाहिलं आणि पन्नास डॉलर देऊन उचललं. डनलॅपने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की वरचे पंचवीस कोलला द्यायला हवे होते, पण हात तंगीत होता, ठेवून घेतले. कोल पुढे अमेरिकन निसर्गचित्रांचा मोठा माणूस झाला. हातोड्याखालून इतका माल गेलेल्या माणसाची नजर कापडावरची असो की कॅनव्हासवरची, पक्की होती.

पैशाचं: पुन्हा पहिल्यासारखं कधी जमलं नाही. बचत बँकेचं, विम्याचं काम बघत राहिला. १८३९ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला, पडला. त्या काळातल्या व्हिग पक्षासाठी जेवणं घातली, भाषणं ठोकली, क्ले आणि वेब्स्टर या पक्षाच्या बड्या पुढाऱ्यांना घरी बोलावलं. त्याचं फळ मिळालं १८४९ मध्ये, झॅकरी टेलर अध्यक्ष झाल्यावर. न्यूयॉर्क बंदराच्या जकात खात्यात 'नेव्हल ऑफिसर' ही पगारी जागा. वय अडुसष्ट. ज्या बंदरात उतरणाऱ्या मालावर तो श्रीमंत झाला त्याच मालाच्या जकातीचे कागद तपासायचे आणि सही करायची. ती नोकरी त्याने अगदी आनंदाने घेतली. ५ मे १८५१ ला वारला तेव्हा त्याच जागेवर होता.

गुळपोळी

रोजनिशी वाचायला मिळते का कुठे? अठ्ठावीस वह्या वाचायची तयारी नाही हं.

खतावणी

१८८९ ची दोन खंडांची निवड आहे, हक्क केव्हाच संपलेत, इंटरनेटवर फुकट मिळते. १९२७ ची ॲलन नेव्हिन्स यांनी संपादित केलेली आवृत्ती जास्त भरगच्च आहे. मूळ वह्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत (२०२४ पासून तिचं नाव 'द न्यूयॉर्क हिस्टॉरिकल'). सुरुवात डिसेंबर १८३५ पासून करा, आगीपासून मार्च १८३७ पर्यंत सलग वाचा. मधली जेवणांची यादी खुशाल गाळा.

अडत्या

जेवणांची यादी गाळू नका हो, त्यातच कोण कुणाला उधारी देतंय ते कळतं.